तळहातावरचा बेदाणा

पुण्यातल्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही नऊ जण सतरंजीवर गोल करून बसलो होतो. शिकवणाऱ्या ताईंनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला. "लगेच तोंडात टाकू नका. ही वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच बघताय असं समजून बघा." तासगावचे बेदाणे मी लहानपणापासून मुठीमुठीने खाल्ले आहेत, त्यात बघायचं काय, असं मनात आलं. तरी बघितलं. सुरकुत्या वाटल्या होत्या तेवढ्या सारख्या नव्हत्या. काही खोल होत्या, काही नुसत्या रेघेसारख्या. एका टोकाला देठ तुटल्याची बारीक खूण होती. खिडकीकडे धरला तर आतून मधासारखा उजेड आला. जिभेवर ठेवून नुसता घोळवला, तेव्हा आधी काहीच चव लागली नाही. दात लागल्यावर आंबट आणि मग गोड.

हे सगळं पाच मिनिटांत झालं. त्या पाच मिनिटांत आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्यात, मुलाचा फोन आलेला नाही, बाकीच्या आठ जणांना हे जमतंय आणि मला जमत नाहीये, हे सारं डोक्यात येऊन गेलं. मी ताईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला जमत नाही, असा विचार आला. एवढंच बघितलंत, तरी आजचं काम झालं."

त्या वाक्यातल्या 'आला' या शब्दाशी मी आजही अडखळते. मराठीत आपल्याला राग येतो, रडू येतं, कंटाळा येतो, आठवण येते. मनात काहीबाही येतं. भाषेने ही सोय किती सहज करून ठेवली आहे! जे आलं ते पाहुण्यासारखं आलं, मी म्हणजे ते नव्हे, हे त्या क्रियापदातच आहे. दिवसभर आपण हे शब्द बोलतो, पण जगताना आलेल्या पाहुण्याच्या हाती घराच्या किल्ल्या देऊन टाकतो. 'माझ्याकडून काही होणार नाही' हा विचार येतो आणि पुढच्या क्षणी ती आपल्याविषयीची माहिती होऊन बसते.

आमचा सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, आठ आठवड्यांचा वर्ग नैराश्यातून बाहेर आलेल्यांसाठी होता. मी तेव्हा नैराश्याच्या तीन फेऱ्यांतून गेले होते. पहिला फेरा वडील गेल्यानंतर आला, त्याला कारण होतं. तिसऱ्याला मला कारण सापडलं नाही. एका संध्याकाळी नुसतं उदास वाटलं, तेवढ्यावरून 'झालं, पुन्हा सुरू झालं', 'मी अशीच आहे' ही जुनी साखळी ओढली गेली आणि महिन्याभरात मी अंथरुणाला खिळले.

या साखळीचा अभ्यास झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी केला. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला होता. विपश्यना आणि झेन या बौद्ध परंपरांतून त्यांनी ती साधना घेतली होती. या तिघांनी तिला नैराश्याच्या उपचारपद्धतीची जोड दिली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत १४५ जण होते. सगळे आजारातून बरे झालेले आणि औषधं थांबलेली. तीन किंवा अधिक फेरे येऊन गेलेल्यांपैकी, नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्या ६६ टक्के लोकांना सुमारे वर्षभरात आजार पुन्हा झाला. सजगतेचा वर्ग केलेल्यांमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास राहिलं. ज्यांना दोनच फेरे आले होते त्यांना मात्र वर्गाचा फायदा दिसला नाही. २००४ च्या दुसऱ्या चाचणीतही हाच फरक दिसला.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण सजगता नेमकं काय करते ते तो दाखवतो. नुसती शांतता मिळून फायदा होत असता, तर तो दोन फेरेवाल्यांनाही झाला असता. संशोधकांनी लावलेला अर्थ असा, की सुरुवातीचं नैराश्य बहुधा आयुष्यातल्या मोठ्या आघातातून येतं, आणि ध्यानाने तो आघात टळत नाही. पण प्रत्येक फेऱ्यागणिक मनाची एक वाट मळत जाते. मग आघाताची गरज उरत नाही, जराशा उदासीनेही मन त्या वाटेला लागतं. तिथे जे चालतं त्याला आपल्याकडे रवंथ म्हणतात. गाय रवंथ करते ती पचवण्यासाठी. आपण तोच घास वर्षानुवर्षं चघळतो आणि त्यातून अंगी काही लागत नाही. सजगतेचा उपयोग होतो तो या वाटेच्या तोंडाशी. उदासी आली आहे हे दिसतं, तिच्यामागून येणारे विचार दिसतात, ते विचार आहेत हे ओळखू येतं. उदासी पुसली जात नाही, पण तिला पुढचं खाद्य मिळत नाही.

समर्थ रामदासांनी मनाचे श्लोक लिहिताना मनालाच समोर बसवलं, दोनशे पाच श्लोक त्याच्याशी बोलले. ज्यांच्या घरी हे श्लोक रोज म्हटले गेले त्यांना मनापासून दोन पावलं मागे सरकण्याची सवय लहानपणीच लागली असणार. मात्र तिथे मनाला समजावणं आहे, काय करावं आणि काय टाकावं हे सांगणं आहे. आमच्या वर्गात मनाला काहीही सांगायचं नव्हतं. मला तेच सर्वांत जड गेलं. आयुष्यभर मी मनाला दटावत आले होते आणि दटावणारा तो आवाजच आजाराचा निम्मा भाग होता, हे कळायला पाचवा आठवडा उजाडला.

त्या आठवड्यात अंगातल्या नकोशा जाणिवेजवळ थांबायचं होतं. उदास असताना माझ्या छातीत, गळ्याच्या जरा खाली, ओल्या फडक्याचा बोळा अडकल्यासारखं होतं. डोळे मिटून तिथेच लक्ष नेलं. बोळ्याला कडा होत्या. डावीकडे जड, उजवीकडे नुसता ताण. श्वास घेताना वरचा भाग किंचित हलायचा. मध्येच 'हे कधीच जाणार नाही' असं आलं आणि त्याबरोबर बोळा घट्ट झाला. हे मी पहिल्यांदाच घडताना पाहिलं. जाणीव आधीपासून होती, आवळणारं वाक्य मागून आलं होतं. पंचवीस वर्षं मी त्या दोघांना एकच समजत होते.

आजकाल सजगता सगळ्या दुखण्यांवरची मात्रा म्हणून विकली जाते, त्याचं मला वाईट वाटतं. ब्रिटनमधल्या शाळांत ८ हजारांहून अधिक मुलांवर मोठी चाचणी झाली. २०२२ साली तिचे निष्कर्ष आले, तेव्हा सरसकट वर्गात शिकवलेल्या सजगतेने मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त सुधारणा दिसली नाही. आणि जिथे माणसाकडून बारा-बारा तास काम करून घेतात, तिथे त्याला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगणं हा अन्याय आहे. सांगणाऱ्याने आधी कामाचे तास मोजावेत.

वेळही पाहावी लागते. दुसऱ्या फेऱ्यात, आजार ऐन भरात असताना, मी इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला जायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी थांबवलं. दहा दिवसांचं मौन निरोगी मनाला पेलतं, पण रवंथ करणाऱ्या मनाला तेवढा एकांत मिळाला तर ते त्यातही चरत राहतं, असं त्यांनी समजावलं. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, विपश्यना हा औषधोपचाराला पर्याय नाही, असं तिथल्या सूचनांमध्येही स्पष्ट म्हटलेलं असतं.

औषध की ध्यान, हा वाद मला निरर्थक वाटतो. ब्रिटनमध्ये ४२४ रुग्णांवर झालेली चाचणी २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. दोन वर्षांत, सजगतेचा वर्ग करून औषधं कमी केलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना आणि औषधं चालू ठेवलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना आजार उलटला. दोन्ही आधार जवळपास सारखेच टिकले, आणि दोन्हींकडे चाळीस टक्क्यांच्या वर माणसं पुन्हा आजारी पडली.

गेल्या पावसाळ्यात मीही पडले असते. कणीक मळताना हात थांबला, पाण्याचा तांब्या उचलावासा वाटेना, आणि गळ्याखाली तो बोळा आला. 'पुन्हा सुरू झालं' हे वाक्यही आलं. मी परातीजवळच उभी राहिले. कणकेचा गारवा बोटांना जाणवत होता. पूर्वी हे ओळखायला मला महिना लागायचा आणि तोवर फोन उचलण्याचंही बळ उरायचं नाही. हात धुतले, डॉक्टरांना फोन केला, दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. मग उरलेली कणीक मळली.