गाडग्यातली नीरा

आगाशीत यंदा एका व्याख्यानात वक्त्यांनी ठणकावून सांगितलं की, आपल्या आजी-पणजींनी प्रयोगशाळा पाहिली नाही, वाडीतलं खाल्लं आणि त्या ठणठणीत जगल्या. अन्नसंशोधन हा सगळा बाजाराचा खेळ. टाळ्या पडल्या. मी वसईच्या वाडीतच वाढलो, म्हणून त्या टाळ्या मला फार लागल्या. माझ्या पणजीची आठातली तीनच मुलं जगली. त्या पाचांचा हिशेब कुठल्या परंपरेत मांडायचा?

पहाटे ताडावरून उतरवलेलं गाडगं मी लहानपणी जवळून पाहिलंय. आतून चुना फासलेला, रस जवळजवळ पाण्यासारखा, गोड, वर एखादी बुडालेली मधमाशी. ही नीरा. ऊन चढलं की कडेनं फेस धरतो, आंबूस वास सुटतो, दुपारपर्यंत तिची ताडी होते. झाड तेच, गाडगं तेच. अन्न कुठल्या वाडीतलं एवढ्यावर त्याचं बरंवाईट ठरत नाही. ते कुणी काढलं, कशात ठेवलं, किती वेळानं तोंडी लागलं, हे विचारावंच लागतं.

हे प्रश्न आयुष्यभर विचारणाऱ्या बाई आपल्याच भाषेतल्या होत्या: कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाईंच्या भगिनी. 1933 साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी ‘मुलगी’ म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळवला आणि तिथे दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा हाती घेतली. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुलांना आणि गर्भवतींना ती नेमानं दिली, तर प्रकृती सुधारते, असं त्यांना आढळलं. पुढे ग्राहक चळवळीतही त्या उतरल्या, ‘कीमत’ या नियतकालिकात लिहीत राहिल्या. ज्या ताडाकडे आपण गुत्त्याचं झाड म्हणून पाहतो, त्याच्याखाली या बाईंना उपाशी पोरांचं अन्न दिसलं. हा बाजाराचा खेळ?

व्याख्यानानंतर मी वक्त्यांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी एवढंच विचारलं, “मग जव्हारच्या पोराच्या ताटात काय पडलं?”

मला उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून माझंही मत जागचं हललंय. पोषणाचं संशोधन या देशात 1918 पासून, कुन्नूरच्या पहिल्या लहानशा केंद्रापासून चाललंय. तरी 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली. 2024 साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आहाराची 17 मार्गदर्शक सूत्रं दिली. ती चांगलीच आहेत, पण ज्याच्या घरी दुसऱ्या वेळची चूल पेटत नाही, त्यानं त्यांचं काय करायचं? प्रयोगशाळेत सिद्ध झालं की काम संपलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. नीरा तर तासांचा हिशेब मागते. ती कुणी उतरवायची, बर्फ कुणी द्यायचा, अंगणवाडीत ऊन चढायच्या आत कुणी पोचवायची, हेही संशोधनच आहे आणि ते अर्ध्यावर राहिलंय.

म्हणून वक्त्यांना मी पुन्हा गाठणार आहे. त्यांनी एकदा पहाटे ताडाखाली यावं, नीरा प्यावी, आणि मग त्याच गाडग्यासकट माझ्याबरोबर जव्हारच्या एसटीत बसावं.