मोल, मान आणि सेवा : केशकर्माच्या स्वतंत्र व्यवसायाचा धर्मविचार

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पिंगळीसारख्या गावात एखाद्या तरुणाने सलून उघडले किंवा एखाद्या स्त्रीने घराच्या पुढच्या खोलीत ब्युटी पार्लर सुरू केले, तर त्या घटनेकडे बहुधा पोटापाण्याचा प्रश्न म्हणूनच पाहिले जाते. भांडवल कोठून आणले, गिऱ्हाईक टिकेल का, दुकान चालेल का, एवढ्यावर चर्चा थांबते. या प्रारंभात मराठी धर्मविचाराला जुना असलेला एक प्रश्नही दडलेला आहे, तो असा की दुसऱ्याच्या देहाची सेवा मोल घेऊन केली असता तिचे पुण्य उणावते काय, आणि जन्माने वाट्याला न आलेला, स्वतः निवडलेला धंदा हा स्वधर्म ठरू शकतो काय. ज्या जिल्ह्यात गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव आहे आणि जेथे वारकरी व बौद्ध या दोन्ही परंपरा गावोगाव नांदतात, तेथे या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास लागणारी सामग्री घरचीच आहे.

जुन्या गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. बलुतेदारी म्हणजे कारागिराने वर्षभर शेतकरी कुटुंबांचे ठरलेले काम करायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा, म्हणजे बलुते, घ्यायचे, अशी व्यवस्था होय. हजामतीखेरीज लग्नकार्यातील मानाची व कष्टाची अनेक कामे न्हाव्याकडे असत. या व्यवस्थेत गिऱ्हाईक शोधण्याची चिंता नव्हती, हे तिचे बळ होते. परंतु कामाचा दर, कामाची वेळ आणि कोणाचे काम करायचे हा निर्णय, यांपैकी काहीही कारागिराच्या हाती नव्हते. बलुते हा हक्क असूनही तो मागताना हात पसरावा लागे, आणि अपुरे पदरात पडले तरी पुढच्या हंगामापर्यंत काम थांबवता येत नसे.

स्वधर्माची कल्पना याच व्यवस्थेच्या छायेत पिढ्यान्‌पिढ्या समजून घेतली गेली. स्वधर्म म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचे विहित कर्म. ते निष्ठेने केले असता तीच ईश्वराची पूजा होते, असे गीतेचा अठरावा अध्याय सांगतो आणि ज्ञानेश्वरी तो विचार भक्तीच्या भाषेत खुलवते. या विचारातील अर्धा भाग कष्टकऱ्याला मोठा आधार देणारा आहे, कारण त्यामुळे वस्तरा, कात्री आणि कंगवा ही पूजेची उपकरणे ठरतात. उरलेला अर्धा भाग, म्हणजे कर्म जन्माने ठरते ही समजूत, मात्र त्या पूजेलाच बाधक आहे. ज्याला दुसरे काही करण्याची मुभाच नाही, त्याच्या कर्मात अर्पण कोठून येणार? अर्पण करावयाचे तर वस्तू आधी स्वतःची असावी लागते, आणि कष्टाच्या बाबतीत ती मालकी म्हणजे स्वातंत्र्य.

संत सेना महाराजांची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. नाभिक समाजात जन्मलेल्या या संतांचा संबंध बांधवगडच्या राजदरबाराशी सांगितला जातो, वारकरी संतमालिकेत त्यांचे स्थान आहे, आणि सेना या नावाने एक पद शीखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही आढळते. महिपतींनी ‘भक्तविजय’ या १७६२ मधील ग्रंथात संतांच्या ज्या कथा गुंफल्या, त्यांत सेनांचीही कथा आहे. सेना पूजेत मग्न असताना राजाचे बोलावणे आले, ते गेले नाहीत, तेव्हा देवाने त्यांचे रूप घेतले, हत्यारांची धोकटी काखेत मारली आणि राजाची सेवा करून तो परतला, असा तिचा गाभा आहे. भक्तासाठी देव धावतो, एवढाच बोध या कथेतून सहसा घेतला जातो. तिच्यात आणखी दोन गोष्टी आहेत. देवाने धोकटी उचलली, तेव्हा हे काम हलके आहे या समजुतीला आधार उरला नाही. आणि देवाला जावे लागले ते अशासाठी, की सेनांना न जाण्याची मुभा नव्हती. राजाज्ञा मोडणाऱ्या सेवकावर कोणता प्रसंग ओढवला असता, हे भय कथेच्या मुळाशी आहे. आपल्या कामाची वेळ स्वतः ठरवणाऱ्या कारागिराला ज्या गोष्टीसाठी चमत्कार लागत नाही, तिच्यासाठी सेनांच्या कथेत प्रत्यक्ष देवाला यावे लागले.

जनाबाईंच्या नावावरील अभंगांत हाच विचार स्त्रीच्या बाजूने येतो. संत नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या जनाबाईंचे दळण-कांडण विठ्ठल करू लागतो, तसा तो त्यांचे केस विंचरतो, उवा काढतो आणि वेणी घालतो. दिवसभर इतरांसाठी राबणाऱ्या बाईच्या केसांकडे लक्ष देणारे कोणी नव्हते, म्हणून ते काम देवाकडे आले, ही कल्पना करुणेची तर आहेच, शिवाय ती तत्त्वविचाराचीही आहे. देहाची निगा ही चैन, ती सुखवस्तूंनी करावी, आणि भक्ताने देहाकडे पाठ फिरवावी, या वैराग्याच्या एका प्रचलित कल्पनेला हे अभंग मान्यता देत नाहीत. शेतमजुरी करणारी बाई लेकीच्या लग्नाआधी पार्लरच्या खुर्चीत अर्धा तास डोळे मिटून बसते, तेव्हा तिला मिळणारी विश्रांती क्षुद्र मानण्याचा अधिकार जनाबाईंच्या भूमीत कोणालाही नाही.

आता मोलाचा प्रश्न. सेवा निष्काम असावी आणि पैसा घेतला की ती व्यापार होते, असा आक्षेप घेतला जातो. या आक्षेपाला वारकरी परंपरेचे उत्तर संतांच्या चरित्रांतच आहे. गोरोबा मडकी घडवीत, सावता महाराज मळा राखीत, नरहरी सोनार दागिने घडवीत. धंदा सोडल्यावाचून परमार्थ साधत नाही, असे यांपैकी कोणाचेही जीवन सांगत नाही. निष्कामता म्हणजे फुकट काम नव्हे. कामाचा कस मिळणाऱ्या पैशाच्या मानाने कमीजास्त न होऊ देणे, ही निष्कामता होय. म्हणून भिंतीवर लावलेले दरपत्रक ही साधी वस्तू नैतिकदृष्ट्या मोठी आहे. त्यावरील आकडा पाटलाला आणि सालगड्याला सारखाच लागू होतो, तो देणारा दाता ठरत नाही आणि घेणारा याचक ठरत नाही. काम संपल्यावर दोघेही एकमेकांचे देणे फेडून मोकळे होतात. धान्याच्या वाट्याने जे साधले नाही, ते ठरलेल्या मोलाने साधते.

स्वतंत्र कारागिराला मिळणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नकार देण्याची शक्ती, आणि तिचा उदात्त उपयोग महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदलेला आहे. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे केस सक्तीने काढण्याच्या रूढीस केशवपन म्हणत. १८९० मध्ये मुंबईत, सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ या पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी या कामाला नकार दिला. धर्माच्या नावाने चाललेल्या क्रौर्यात ज्यांच्या हातांचा वापर होत होता, त्यांनीच हात आवरते घेतले. शास्त्राचा अर्थ लावण्याचा अधिकार ज्यांना कोणी दिला नव्हता, त्यांनी आपल्या कृतीने धर्म कोणता आणि अधर्म कोणता, हे स्पष्ट केले.

नकाराची ही शक्ती दुधारी आहे. याच महाराष्ट्रात जातीमुळे माणसाच्या केसांना हात लावण्यास नकार दिला गेला, आणि तो अन्याय दलितांनी दीर्घकाळ सोसला. अन्याय्य कृत्याला दिलेला नकार आणि माणसालाच दिलेला नकार यांतला भेद हा या व्यवसायाच्या नीतीचा कणा आहे. बौद्ध परंपरेतील उपालीची कथा येथे मार्गदर्शक ठरते. उपाली हा शाक्य राजपुत्रांचा न्हावी होता. राजपुत्र प्रव्रज्या, म्हणजे गृहत्यागाची दीक्षा, घेण्यास निघाले तेव्हा आपला कुलाभिमान गळावा म्हणून त्यांनीच बुद्धाला विनंती केली, की उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, म्हणजे धर्मवचने एकत्र करण्यासाठी भरलेल्या भिक्षुसभेत, विनयाचे, अर्थात भिक्षुसंघाच्या नियमांचे, कथन याच उपालीने केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात उपालीच्या दीक्षेला जागा दिली आहे. भारतीय संविधानाने कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य एकोणिसाव्या अनुच्छेदात दिले आणि अस्पृश्यता सतराव्या अनुच्छेदाने नष्ट केली. अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरले. हे दोन्ही अनुच्छेद एकत्र वाचले, की व्यवसायस्वातंत्र्याची मर्यादाही कळते : खुर्ची मांडणाऱ्याने ती सर्वांसाठी मांडलेली असते.

समतेइतकेच सत्यही या धंद्याला आवश्यक आहे, कारण येथे गिऱ्हाईक आपला देह विश्वासाने दुसऱ्याच्या हाती देते. दाढी करवून घेणारा मान मागे टाकून गळा उघडा ठेवतो. भुवया कोरून घेणारी स्त्री डोळे मिटून दोन्ही हातांनी पापणी व कपाळ ताणून धरते आणि दोऱ्याचा पीळ त्या नाजूक कातडीवरून सरकतो. या विश्वासाची परतफेड गोड बोलण्याने होत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड वापरणे, केसांचा रंग लावण्यापूर्वी तो कानामागे थोडा लावून दोन दिवस वाट पाहायला सांगणे आणि स्टेरॉइड मिसळलेली मलमे चेहऱ्याला न लावणे, हेच येथले सत्याचरण होय. कातडी गोरी करून देण्याचे आश्वासन तर अशा मलमांहूनही वाईट, कारण ते सावळ्या मुलीला तिच्यातच उणेपणा असल्याचे पटवते. ज्या भाषेने सावळ्या विठ्ठलाला सुंदर म्हटले, त्या भाषेत हा व्यवसाय करणाऱ्यांनी ते आश्वासन देऊच नये.

असा धंदा सुरू करण्यास मिळणारे बाह्य साहाय्य आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत नाभिक व्यवसायाचा समावेश आहे, आणि कोणत्याही जातीच्या स्त्रीला बचतगट, प्रशिक्षण व मुद्रा कर्ज यांच्या आधारे पार्लर उघडता येते. अशा स्त्रीला ‘हे काय आपले काम आहे का’ असे घरातून विचारले जाते, तेव्हा स्वधर्माचा जुना अर्थच बोलत असतो. तिचे उत्तर असे असू शकते, की काम आपले होते ते निवडल्याने, शिकल्याने आणि त्याची जबाबदारी घेतल्याने. या अर्थी निवडलेला धंदा स्वधर्म होतो, आणि जन्माने आलेल्या धंद्यालाही तो मान मिळतो तो त्याच अटीवर, म्हणजे करणाऱ्याने तो मनाने स्वीकारला असेल तर.

मात्र हा भार एकट्या कारागिरावर टाकून गाव मोकळे होऊ शकत नाही. वर्षानुवर्षे ‘ये रे’ म्हणून हाक मारण्याची सवय असलेल्यांनी ‘अहो’ म्हणायला शिकावे, ठरलेला दर घासाघीस न करता द्यावा, उधारी सुगीपर्यंत लांबवू नये आणि शेजारच्या खुर्चीत कोण बसले आहे हे पाहून उठून जाऊ नये. मोल वेळेवर, मान बरोबरीचा आणि नकाराचा अधिकार शाबूत, एवढे गावाने दिले, तर पिंगळीतल्या लहानशा दुकानातले काम सेवा या नावास पात्र ठरेल. एवढेही न देता त्या कामाला पुण्य म्हणणे, हे वेठीलाच दिलेले दुसरे नाव राहील.