देव्हाऱ्यात पुस्तकं

पाडलेल्या वाड्यातला सागवानी देव्हारा मुंबईच्या चोरबाजारातून कुणाच्या दिवाणखान्यात येतो आणि त्यात पुस्तकं लागतात. हा देवाचा अपमान आहे का? मला तसं वाटत नाही. आपली परंपरा पावित्र्य वस्तूत कायमचं कोंडून ठेवत नाही. प्राणप्रतिष्ठेनं ते येतं, उत्तरपूजेनं निरोप घेतं. म्हणून तर गणपतीची मूर्ती आपण निःशंक मनानं पाण्यात सोडतो. यावर कुणी म्हणेल, निरोपानंतर मूर्ती वापरात राहत नाही. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात २०१५ च्या नवकलेवरात, म्हणजे मूर्ती बदलण्याच्या विधीत, जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारातल्या कोइली वैकुंठात पुरल्या गेल्या. आक्षेप रास्त आहे, पण तो नियम मूर्तीचा. देव्हारा हे देवाचं घर, आणि रिकामं घर दुसऱ्याला राहायला देण्यात अधर्म नाही. मात्र त्यात दारूच्या बाटल्या मांडणं मला खुपतं, कारण त्याच्यापुढे पिढ्यानपिढ्या हात जोडणाऱ्यांच्या श्रद्धेची ती अवहेलना ठरते.