ऑगस्टाचा काटा

जरा टेकून बसा. श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

हवा विरळ आहे. आपण 10 हजार फुटांच्या वर आहोत, अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरात. कॅलिफोर्निया गल्च नावाची घळ. साल 1860.

दम लागतोय? लागू द्या.

हे डोंगर यूट लोकांचे. त्यांना कुणी विचारलेलं नाही. तेही मनात असू द्या.

समोर ओंडक्यांचं खोपटं आहे. खाली नुसती माती. होरेस टेबर, त्याची बायको ऑगस्टा आणि अडीच वर्षांचा मॅक्सी इथे राहायला आलेत. होरेस बाहेर सोन्यासाठी वाळू धुतोय. धुऊ दे. आपण आत बसू.

टेबलावर सोनं तोलायचा काटा आहे. दोन लहान पारडी. त्यांच्याकडे बघा.

एक माणूस येतो. बोटं गारठलेली, नखांत चिखल. तो पुरचुंडी सोडतो. पिवळे, रवाळ कण पारड्यात सांडतात. अगदी थोडे.

ऑगस्टा श्वास धरून ठेवते. तुम्हीही धरा, क्षणभरच. साध्या फुंकरीनंही पारडं हलेल.

पारडी डोलतात.

कमी डोलतात.

थांबतात.

सोडा श्वास.

आता ऐका. चुलीवर काहीतरी रटरटतंय. दाराशी पोर कुरकुरतंय. ही बाई रांधते, वाढते, परक्या माणसांचं सोनं तोलते. एवढ्या पुरुषांत ती एकटी बाई, आणि सोनं तिच्यापुढे बिनदिक्कत ओततात.

बाहेर लाकडी पन्हळीत जड काळी वाळू अडकते. माणसं शिव्या देत ती उपसून फेकतात. ऐका, फावड्याचा आवाज. त्या वाळूत शिसं आणि चांदी आहे. ते कळायला पंधराएक वर्षं जायची आहेत. तोवर बसून राहा. ती वाळूच आहे.

पुन्हा काट्याकडे या.

पुढे त्याच चांदीवर लेडव्हिल गाव उभं राहतं. 1878 मध्ये होरेस त्याचा पहिला महापौर होतो. अमाप पैसा येतो, 1883 मध्ये घटस्फोट होतो, आणि 1899 मध्ये तो जवळजवळ कफल्लक मरतो. ऑगस्टा 1895 मध्ये जाते, पैसा राखून.

पण ते राहू द्या. एक श्वास आणखी घ्या.

गाव कुणी वसवलं म्हणाल, तर मी आधी ऑगस्टाचं नाव घेईन.