सूर्यनारायणाची थाळी



पांडव वनवासास निघाले तेव्हा अनेक ब्राह्मणही त्यांच्यासमवेत निघाले. अरण्यात या सर्वांस जेवू कसे घालावे, या विवंचनेत धर्मराजांनी धौम्य ऋषींच्या सांगण्यावरून सूर्याची आराधना केली आणि सूर्यनारायणाने त्यांस तांब्याचे पात्र दिले. हीच द्रौपदीची थाळी. ती अक्षय होती खरी, पण तिला एक मर्यादा होती. द्रौपदीचे भोजन होईपर्यंतच ती अन्न पुरवीत असे. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत नाही. दुर्वास ऋषी शिष्यांसह आले ते नेमके तिचे जेवण आटोपल्यावर.

आपल्या काळात या थाळीचे स्मरण अन्नछत्रांतून होते. तिरुमला देवस्थानात २००२ साली १०६, तर शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली ७३ आरशांच्या तबकड्या बसविण्यात आल्या. तबकडी सूर्यामागे वळत राहते, ऊन एका जागी एकवटते, तेथील पाण्याची वाफ होते आणि ती वाफ नळावाटे स्वयंपाकघरात जाऊन भात-डाळ शिजविते. मर्यादा येथेही आहेच. आभाळ भरून आले की इंधनाचा बॉयलर पेटवावा लागतो.

विजेची गोष्ट निराळी. सूर्याचे तेज संज्ञेस सोसवेना, तेव्हा विश्वकर्म्याने ते तासून सौम्य केले, अशी पुराणकथा आहे. छपरावरील सौर पॅनेलची प्रकृती काहीशी संज्ञेसारखीच! त्यांस सूर्याचा प्रकाश हवा, ताप नको. ऊन तेवढेच असता गार हवेत ती अधिक वीज देतात. तापली की कमी.

आपल्या भक्तनिवासाच्या गच्चीवर अशी पॅनेलही आहेत आणि सौर बंबही. दिवसा तापलेले पाणी टाकीत रात्रभर गरम राहते. परंतु रात्री उशिरा पोहोचलेली मंडळी प्रवासाचा शीण घालविण्यासाठी बादलीमागून बादली घेतात आणि पहाटे काकड आरतीस निघालेल्या एखाद्या वृद्ध माउलीच्या वाट्यास गार पाणी येते. मग तक्रारवहीत नोंद होते की बंब बिघडला आहे. बंब धड असतो. थाळी रिकामी झालेली असते. प्रत्येकी एक बादली एवढीच आमची विनंती आहे.

आता देणगीदारांविषयी थोडे. नवा बंब द्यावा, त्यावर कैलासवासी वडिलांचे नाव असावे, ही इच्छा पुष्कळजण व्यक्त करतात. तिचा आदरच आहे. परंतु येथील पाणी जड असल्याने नळ्यांत क्षार धरतो, पॅनेलवर धूळ बसते आणि वीज घटते. नळ्या साफ करणे, पॅनेल धुणे हे काम नित्यपूजेसारखे चालू ठेवावे लागते आणि त्यावर नावाची पाटी बसविता येत नाही. एका दात्याने पावतीवर आग्रहाने ‘साफसफाईसाठी’ असे लिहवून घेतले, तेव्हा ही रक्कम कोणत्या खाती जमा करावी, असा प्रश्न कार्यालयास पडला होता! आता ‘सौर देखभाल’ असे स्वतंत्र खाते उघडले आहे.

पॅनेल काकड आरतीनंतर, ऊन चढण्यापूर्वी धुतली जातात. ज्यांस ही सेवा करावयाची असेल त्यांनी आदल्या सायंकाळी कार्यालयात नाव द्यावे. गच्चीचा जिना अरुंद असल्याने एका वेळी चौघांनाच वर सोडले जाते.

— सचिव, संस्थान कार्यालय