आजोबांची तीच ती गोष्ट

आजचा श्लोक गीता १७.१५. कुणाला न दुखावणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं हे वाणीचं तप. आजोबा गिरणीतली तीच गोष्ट चौथ्यांदा सांगतात तेव्हा "सांगितलीय हो तुम्ही" हे खरंच असतं. पण प्रिय? हिताचं?

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडलं, की म्हातारपणी मागचं आठवत राहणं म्हणजे नुसता बिघाड नव्हे. माणूस आयुष्याचा हिशेब लावत असतो. पुढे आठवणींवर आधारित उपचारही आले: जुने फोटो, गाणी आणि ऐकणारं कुणीतरी. (जेवणावरची वासनाच उडाली असेल तर मात्र डॉक्टर हवेत, "नाम घ्या" म्हणून मोकळं होऊ नका.)

आज फोन बाजूला ठेवून विचारा, "आजोबा, मग गिरणीत पुढे काय झालं?"