नळीतल्या अन्नातही तोच

आजचा श्लोक : भगवद्गीता १५.१४

या श्लोकात भगवान सांगतात, की प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन मीच राहतो आणि चार प्रकारचं अन्न पचवतो.

आता नंदुरबारकडचा एखादा तरुण डोळ्यांपुढे आणा. वजन कमी करायला जठर लहान करण्याचं ऑपरेशन झालं आणि टाक्यांच्या रेषेतून गळती लागली. ती भरायला कधी आठवडे, कधी महिने लागतात. तोवर तोंडाने खाणं बंद. आहार नळीने थेट लहान आतड्यात. घरचे सारंगखेड्याच्या यात्रेतून एकमुखी दत्ताचा प्रसाद आणतात, पण तो खाता येत नाही. मग मन म्हणतं, 'देवाने दिलेलं शरीर कापलं, त्याचीच ही शिक्षा.'

त्याला सांगावंसं वाटतं : नाही रे बाबा! श्लोक नीट वाच. भगवान 'मी चाखतो' म्हणत नाहीत, 'मी पचवतो' म्हणतात. जठराला विश्रांती आहे, पण आतड्यात त्याचं काम चालूच आहे. नळीतला प्रत्येक थेंब आहुती आहे; त्यातल्या प्रथिनांवरच जखम भरते.

प्रसाद कपाळाला लाव, घरच्यांना वाट. चोरून खाऊ नकोस. ताप आला, छाती धडधडली, पोट दुखलं, तर 'देव बघेल' म्हणत थांबू नकोस, लगेच डॉक्टरांना सांग.

आजचा संकल्प : असं कुणी ओळखीचं असेल, तर 'अजून बरं नाही वाटत?' विचारू नका. नळी लावताना शेजारी बसा, सोबत नाम घ्या.